घुंगरांतला कापूस

परवा सकाळी मी गॅसवर भरताची वांगी भाजत होते. घरभर तो जळका, गोडसर वास पसरलेला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची सोनाली दारात आली. एका हातात मुलीच्या पायातली घुंगरं, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा मोरपिसांचा टोप.

"काकू, थोडा कापूस आहे का हो? स्वराच्या घुंगरांत भरायचाय. टीचर म्हणाल्या, गाण्याच्या मध्ये आवाज येतो."

"नाही," मी म्हटलं.

"वातींचासुद्धा नाही?"

"नाही म्हटलं ना."

माझ्यामागे देवघरात वातींचा ढीग तिला सरळ दिसत होता. तिनं तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि जिना चढून गेली. इकडं वांगं एका बाजूनं पार कोळसा झालं होतं. ते उचलून मी केराच्या डब्यात टाकलं आणि खुर्चीवर बसले.

जानेवारीत आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात थंडीपेक्षा गॅदरिंगचाच कडाका मोठा. प्रत्येक शाळेच्या मैदानावर मांडव, प्रत्येक मांडवात कर्णा, आणि यंदा सगळ्या कर्ण्यांतून एकच गाणं. त्या मोठ्या क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनाचं. स्पर्धा होऊन वर्ष उलटलं, खेळाडू आपापल्या देशी गेले, कुणी काय जिंकलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना आठवत नाही. उद्घाटन मात्र सगळ्यांना पाठ. त्या सोहळ्यातला एक तुकडा फोनाफोनांतून फिरला आणि आता तो आमच्या गल्लीतल्या चिमुरड्या नाचतात. कमरेला थर्माकोलचे भोपळे, गालाला चंदेरी ठिपके. आया कौतुकानं व्हिडिओ काढतात. मी खिडकी लावून घेते आणि तरीही ऐकू येतं.

आम्ही खानदेशी माणसं पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, हे खरंच आहे. पण पाहुणा येणार म्हटल्यावर आम्ही काय काय लपवतो, हेही मला ठाऊक आहे. माझं माहेर शिंदखेड्याचं. मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हाची गोष्ट. शेजारून कपबशा आणल्या, डॉक्टरांच्या घरून खुर्च्या आणल्या, दाराला मामीचा नवा पडदा लावला. आणि आमचे आबा, वडिलांचे थोरले काका, रात्रंदिवस खोकायचे म्हणून त्यांना सकाळीच बैलगाडीत बसवून मळ्यातल्या खोपीत नेऊन ठेवलं. पाहुणे भजी खाऊन, "घर मोठं प्रसन्न आहे," असं म्हणून गेले. आबांना संध्याकाळी आणलं. ते आल्या आल्या विचारते झाले, "बठ्ठं नीट व्हयनं ना?" त्यांना राग आला नव्हता. मी नऊ-दहा वर्षांची होते, पण उरलेली भजी मी खाल्ली नाहीत.

मोठ्या स्पर्धांची उद्घाटनं बघताना मला दरवेळी आमचा तो पडदा आठवतो. कुठलाही देश घ्या. मैदानावर निळ्या प्रकाशाची नदी वाहते, आणि ती ज्या नदीची म्हणून दाखवतात, तिच्या काठच्या लोकांनी टँकरपुढं भांडी मांडलेली असतात. पांढऱ्या कपड्यांतली लेकरं शांतीचं गाणं म्हणतात. मग हटकून येतात त्या भूमीतली जुनी माणसं. ज्यांचं रान घेतलं, ज्यांची भाषा शाळेत मार देऊन विसरायला लावली, त्यांनाच पिसं लावून पहिल्यांदा मैदानात आणतात. निवेदकाचा आवाज लगेच हळवा होतो. खोपीत पाठवलेल्या आबांना नेमकं त्या एका संध्याकाळी घरात आणून, नवं धोतर नेसवून, पाहुण्यांसमोर सुरात खोकायला लावावं, तसला हा प्रकार. किळस येते. आणि मला ही किळस नुसती टीव्हीपुढं बसून आलेली नाही. त्या मैदानाच्या मागच्या तंबूत मी स्वतः उभी होते.

जळगावच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत असे. वर्षानुवर्षं मुलांना घेऊन सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायचे, बायकांची गाणी उतरवून घ्यायचे. तितरीपाडा त्यातलाच. तीसेक घरं, खाली ज्वारी-मक्याचे तुकडे, वर मोह आणि सागाचं रान. तिथला खुमान पावरा आणि त्याची बायको रायली यांच्या घरी माझा मुक्काम असायचा. खुमानभाऊ घरात आपली पावरी बोली बोलायचा, माझ्याशी बाजारातली खानदेशी. मला दोघंही अक्का म्हणायचे.

रायलीला काही वर्षांपूर्वी ताप डोक्यात गेला होता. शुद्धच नव्हती. तेव्हा खुमानभाऊनं बोलून ठेवलं की बाई उठली तर पाच होळ्या घुंगरू बांधीन. बाई उठली. मग दर होळीला हा माणूस अंगभर राखेचे ठिपके काढायचा, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला सुके भोपळे आणि पितळेची बोराएवढी घुंगरं बांधून होळीभोवती नाचायचा. बघणाऱ्याला तो नाच वाटतो. नाचणाऱ्याला तो नेम असतो. घुंगरू बांधलं की पाळणी सुरू. खाटेवर बसायचं नाही, घरात झोपायचं नाही, अंघोळ नाही, पायात काही घालायचं नाही, आपल्या हातानं शिजवून खायचं आणि कुठल्याही बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, बायकोचासुद्धा. होळीच्या जाळापुढं हे सगळं सुटतं. खुमानभाऊच्या चार होळ्या झाल्या होत्या. एक उरली होती.

अशात दिवाळीच्या आधी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेला, हुशार, लाघवी पोरगा. आता मोठाले सोहळे उभे करणाऱ्या कंपनीत होता, आणि त्या क्रीडास्पर्धेचं उद्घाटन त्यांच्याकडं होतं. "मॅडम, नाचणारे शेकड्यांनी मिळतात. पण आम्हाला अस्सल माणूस हवाय. तुमच्याशिवाय कोण देणार?"

मी फुगले. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं माझी टिपणं कुणी विचारली नव्हती, आणि आता जग विचारत होतं.

तितरीपाड्याला गेले तेव्हा खुमानभाऊ अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"अक्का, हाऊ होळीना नेम शे. घुंगरू बांधं म्हंजे पाळणी लागनी. ती मंग होळीना जाळपुढेच सुटस. कार्तिकमा बांधं ते फागुनपावत पाळनं पडी."

"भाऊ, ते देवापुढं थोडंच आहे? नुसतं दाखवायचं. कॅमेऱ्यापुढं."

तो हसला. "घुंगरूले काय मालूम, ते कोठे वाजी ऱ्हायनं?"

मला ते बोलणं इतकं आवडलं की मी वही काढून तिथल्या तिथं उतरवून घेतलं. ते ऐकून गप्प बसावं, हे मात्र सुचलं नाही. विद्यार्थ्यानं शिकवलेलं सगळं मी पुढं केलं. जग बघेल, मान मिळेल. त्याच्यावर यातल्या कशाचाही परिणाम होईना. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"आमना पाडानं नाव घेतीन का तठे?"

ते का, हे मला ठाऊक होतं. रस्त्यासाठी हे लोक कचेरीत खेटे घालत होते, आणि दरवेळी कारकून सांगायचा की या नावाच्या पाड्याची नोंदच नाही. जगापुढं एकदा नाव घेतलं गेलं तर नाही कसं म्हणतील, असा त्याचा साधा हिशोब होता. मी तिथूनच टेकडीवर चढून, रेंज धरून विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "शंभर टक्के घेऊ, मॅडम." मी खाली येऊन खुमानभाऊला शब्द दिला. रायली चुलीपाशी बसून ऐकत होती.

मी त्याच्याबरोबर गेले, दुभाषी म्हणून. त्या मैदानावर काळे कपडे घातलेली पोरं कानात यंत्रं घालून धावत होती. सरावाला खुमानभाऊच्या मागं कॉलेजची साठ मुलं उभी केली, त्याच्यासारखीच सजवून. त्यांच्या अंगाला तपकिरी रंग फासला होता. तो खुमानभाऊपेक्षा दोन हात काळा होता. नाच बसवणारा ओरडत होता, "आठव्या ठोक्याला उडी! अंकल, आठव्या ठोक्याला!" खुमानभाऊचा नाच आकड्यांवर चालत नाही. ढोल जिकडं नेईल तिकडं तो जातो. त्यानं ढोलाकडं पाहिलं. ढोल वाजवणारा नुसता हात हलवत होता. ढोल वाजवायचा नव्हता, वाजवल्यासारखं करायचं होतं. आवाज आधीच भरून ठेवलेला होता, परदेशात म्हणे.

मग कुणाच्या तरी कानावर घुंगरं आली. सराव थांबला. खालून वरपर्यंत चर्चा झाली. थोड्या वेळानं एक मुलगी कापसाचा गुंडाळा आणि चिमटा घेऊन आली. "सर, आवाजात आवाज मिसळतोय. जरा आत भरते हं." ती त्याच्या कमरेशी हात घालणार तोच तो दोन पावलं मागं सरला. मी मध्ये पडले. "त्यांना बाईनं शिवायचं नसतं," म्हटलं. तिला ते फार गोड वाटलं. "हाऊ क्यूट," म्हणून तिनं कापूस माझ्या हातात दिला, मी तो जमिनीवर ठेवला, आणि खुमानभाऊनं एकेका घुंगरात स्वतःच्या बोटांनी कापूस कोंबला. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. जन्म त्यात गेला. पण कापूस नजरेसमोरून जावा असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तेव्हाच त्याला घेऊन निघायला हवं होतं. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर माझं नाव होतं आणि नावापुढं "तज्ज्ञ" असं छापलेलं होतं. मी निघाले नाही.

सोहळ्याच्या संध्याकाळी मी मागच्या तंबूत पडद्यापुढं उभी होते. आतषबाजी झाली. प्रकाशाचा हत्ती चालला. कमळातून मोटारगाडी निघाली. मग अंधार झाला, आणि अंधारात खुमानभाऊ. अंगावरच्या राखेवर कुणीतरी चंदेरी फवारा मारलेला. मी मनातल्या मनात मोजत होते. आठापर्यंत पोचले, तोवर त्याच्या जागी पुढचा देखावा आला होता. निवेदिका म्हणाली, "अनादी काळापासून आनंदानं नाचणारा आपला देश." पाड्याचं नाव नाही. तालुक्याचं नाही, जिल्ह्याचं नाही. लगेच टाळ्या आणि खेळाडूंचं संचलन. विद्यार्थी मला शोधत आला. "वेळ कापावा लागला, मॅडम. पण व्हिज्युअल काय आलंय!"

परतताना गाडीत खुमानभाऊ बाकावर बसला नाही. जळगावपर्यंत दारापाशी जमिनीवर बसून राहिला. मला उशिरा उजेड पडला की याची पाळणी सोहळ्याबरोबर सुटलेली नाही. होळीला तीन महिन्यांहून जास्त अवकाश होता. तेव्हा मला एक पळवाट सुचली आणि मी आनंदानं त्याच्याशेजारी जाऊन खाली बसले. अंतर राखून.

"भाऊ, तूच म्हणाला होतास ना, घुंगराला काय माहीत ते कुठं वाजतंय? अरे, ते वाजलंच नाही! आत कापूस होता. मग पाळणी कसली?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. अडाणी माणसाकडं पाहतात तसं.

"नेम मी धरा शे, अक्का. घुंगरूनी नही."

तो हिवाळा मी विसरणार नाही. बाजारात हिरवीगार भरताची वांगी आली होती. घरोघरी शेवभाजी, कळण्याच्या भाकरी, रानात हुरडा. मी काही चवीनं खाल्लं नाही. पायथ्याला आमच्यापेक्षा दुप्पट थंडी. पहाटे गवत पांढरं होतं. खुमानभाऊ अंगणात शेकोटीशेजारी उघड्यावर झोपत होता. अनवाणी रानात जायचा, तीन दगडांवर स्वतःचं स्वतः शिजवायचा. पाड्यावरच्या जाणत्यांनी त्याला समजावलं की अशी अवेळी लागलेली पाळणी कुणी ऐकलेली नाही, सोडून दे. तो म्हणायचा, पाचवी होळी आहे, बायको ज्या नेमावर उठली त्यात खोट कशी करू?

आणि पौषात रायलीला पुन्हा ताप आला.

मला कळलं तेव्हा तिला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं होतं. तिच्या भावजयीनं आणि शेजाऱ्यांनी. मी धावत गेले. वॉर्डात बायकांच्या खाटांची रांग. खुमानभाऊ आत नव्हता. तो बाहेरच्या बाजूला, खिडकीच्या गजांपाशी उभा होता. अंगावर धुळीनं माखलेली बंडी, पायाला भेगा. येणारेजाणारे त्याच्याकडं पाहून नाक मुरडत होते. फोनमध्ये त्याचा नाच पाहून हेच लोक टाळ्या पिटत असतील. गजांतून तो तिला हाक मारायचा, ती डोळे उघडायची. तिचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, खिडकीपासून वीतभर. त्याला तो धरता येत नव्हता.

मी खाटेशी बसले. रायलीनं मला ओळखलं. आयुष्यात ती मला कधी उणा शब्द बोलली नव्हती.

"अक्का, त्यानी मन्हासाठे नेम धरा व्हता. आते मी मरी जासू तरी तो माले हात लावाव नही. हाई तुम्ही कयं."

हे तुम्ही केलंत. तिच्या आवाजात ताप होता, पण भ्रम नव्हता. मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला.

ती वाचली. आठवड्यानं घरी गेली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण असल्या गोष्टीत कुणी मेलं तरच ती गंभीर असं आपल्याला वाटतं. कुणी मेलं नाही. एक माणूस आपल्या तापलेल्या बायकोच्या कपाळावर हात ठेवू शकला नाही, एवढंच झालं. त्याच आठवड्यात विद्यार्थ्यानं मला सोहळ्याचं जाडजूड, गुळगुळीत पुस्तक पाठवलं होतं. त्यात खुमानभाऊचा पानभर फोटो. खाली लिहिलेलं, "आदिम उल्हास." मी ते पुस्तक रद्दीवाल्याला दिलं. रद्दीवाल्यानंही कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, असला कागद पुड्यांनासुद्धा चालत नाही.

फाल्गुनात पळस फुलले तेव्हा मी तितरीपाड्याला गेले. बोलावणं नव्हतं. पायथ्याची होळी पहाटे पेटते. अजून तांबडं फुटायचं होतं. खुमानभाऊ होळीच्या खांबाजवळ बसला होता, मांडीवर घुंगरांचा पट्टा, हातात बाभळीचा लांब काटा. एकेका घुंगरातून तो कापूस टोकरून काढत होता. काळपट, घामट, चंदेरी चुरा लागलेला कापूस. शेजारी पळसाच्या पानावर त्याचा छोटासा ढीग झाला होता. प्रत्येक घुंगरू मोकळं झालं की तो ते कानाशी नेऊन हलवायचा. वाजलं की पुढचं घ्यायचा.

मग ढोल वाजला, खराखुरा, पोटात घुमणारा. होळी पेटली. खुमानभाऊ नाचला. तिथं कुणी आकडे मोजत नव्हतं. घुंगरांचा आवाज टेकडीवर जाऊन परत येत होता. रायली बायकांच्या घोळक्यात उभी होती, अंगावर घोंगडी लपेटून. उजाडलं. त्यानं जाळापुढं पट्टा सोडला, नारळ वाढवला, नदीवर जाऊन अंघोळ करून आला. आणि मग सगळ्यांदेखत सरळ रायलीपाशी गेला आणि तिच्या कपाळावर तळवा ठेवला. ताप उतरून दोन महिने झाले होते. तरी तो तसाच उभा राहिला, ताप बघत असल्यासारखा. ती रडली. मी तोंड फिरवलं.

निघताना तो माझ्यामागं आला. हातात पळसाच्या पानाची पुडी होती. मला वाटलं, प्रसाद.

"अक्का, हाऊ कापूस तुम्हना शे. लई जा."

"जाळायचा ना भाऊ, होळीतच."

"होळीमा आमनं टाकतस," तो म्हणाला. "हाऊ आमना नही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. परक्याची वस्तू परक्याला परत करावी, इतकंच. मी पुडी घेतली.

ती माझ्या कपाटात आहे, स्टीलच्या डबीत. पान वाळून चुरा झालं, कापूस तसाच आहे. जाळावा म्हटलं तर तेवढा पवित्र जाळ माझ्याकडं नाही, आणि टाकावा म्हटलं तर केराच्या डब्यात जाण्याइतका तो माझ्यापासून वेगळा नाही. तितरीपाड्याला अजून रस्ता नाही.

हे लिहीत असताना खाली मैदानावर कर्णा सुरू झाला आहे. स्वराच्या वर्गाचा नंबर असावा. सोनालीला कुठून तरी कापूस मिळालेला दिसतोय, कारण मी मघाशी खिडकी उघडली आणि बराच वेळ कान देऊन बसले. गाणं मोठ्यानं ऐकू येतं आहे. घुंगरं नाहीत.